कॉलरवाली पन्नास

मास्तरांच्या उजव्या खिशातले पैसे बायकोच्या हातचे होते. डाव्या खिशातले कोणाच्याच हातचे नव्हते.

नियम तिनेच घालून दिला होता. चार वर्षांपूर्वी मास्तरांच्या डोळ्यांत जो काही धूसर उजेड उरला होता तोही गेला, तेव्हा तिने एका दुपारी टेबलावर नोटा मांडल्या आणि म्हणाली, "चाळीस वर्षं तुम्ही शर्ट कापलेत आणि मी काजं केली. आता नोटा आणा इकडे."

दहाची नोट तशीच, सपाट. वीसची मधोमध एकदा दुमडलेली. शंभरची उभी दुमडून पट्टी, पँटला पट्टा ओवायच्या लुपीसारखी. पन्नासची मधोमध दुमडून वर एक कोपरा मुडपलेला, कॉलरच्या टोकासारखा. पाचशेची चौकोनी घडी, ती शर्टाच्या आतल्या खिशात. दुकानात द्यायचे ते उजव्या खिशातून. सुटे परत आले की डाव्या खिशात टाकायचे, चिवडत बसायचं नाही. संध्याकाळी ती डावा खिसा टेबलावर रिकामा करायची, नोटांच्या घड्या घालायची आणि शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची. सकाळी तिथून उजव्या खिशात. चार वर्षं हा कारखाना बिनबोभाट चालला.

तिला जाऊन पाच आठवडे झाले होते. ताप आला, चार दिवस दवाखान्यात काढले, पाचव्या दिवशी सकाळी नर्सने मास्तरांच्या हातात एक पिशवी दिली. पिशवीत चष्मा, कंगवा आणि चपला होत्या. मास्तरांनी चपला चाचपून पाहिल्या. डाव्या चपलेचा अंगठा त्यांनीच मागच्या महिन्यात शिवून दिला होता.

त्यानंतर त्यांना फारसं काही वाटलं नाही. माणसं आली, हात हातात घेऊन बसली, गेली. मास्तर "बसा" म्हणाले, "हो" म्हणाले. चहा प्यायला की नाही हे कप हाताला लागल्यावर कळायचं. एकदा दुपारी त्यांना वाटलं, आता रडू येईल. ते खुर्चीत नीट बसले, रुमाल काढून मांडीवर ठेवला आणि वाट पाहिली. थोड्या वेळाने डुलकी लागली.

ड्रॉवरमधल्या घड्या मात्र रोज कमी होत होत्या. डावा खिसा फुगत होता. फुगला की मास्तर तो एका डब्यात रिकामा करत आणि डब्याला झाकण लावत. डब्यात किती होते, कसले होते, कोण जाणे.

गोष्ट बाहेर फुटली ती दूधवाल्यामुळे. एके सकाळी ड्रॉवरमधल्या दहाच्या नोटा संपल्या होत्या, म्हणून मास्तरांनी डब्यातली एक सपाट नोट त्याला दिली. सपाट म्हणजे दहा, चार वर्षांची सवय. ती निघाली शंभरची. दूधवाला सज्जन माणूस. त्याने नोट परत केली आणि वर सज्जनपणाने लेकीला फोनही केला.

मंगळवारी लेकीचा फोन आला.

"बाबा, तुम्ही इकडे या राहायला. खोली तयार आहे."

"इथे काय वाईट आहे?"

"वाईट काही नाही. पण दूधवाला चांगला होता म्हणून. रोज चांगलाच माणूस भेटणार आहे का?"

"भेटतात."

"बरं, मला एवढंच सांगा. दुकानात सुटे परत दिले, तर बरोबर आहेत की नाही हे कळतं तुम्हाला? आईने सांगितल्याशिवाय?"

मास्तरांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"मी रविवारी येते," लेक म्हणाली. "आपण दोघं दुकानात जाऊ. मी मागे उभी राहीन, तोंडातून शब्द काढणार नाही. तुम्हाला जमलं तर राहा. नाही जमलं तर बॅग भरायची. उगाच हट्ट नाही करायचा."

"तू अगदी आईवर गेलीस."

"मग ऐका ना आईसारखं," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मास्तरांना लेकीकडे जायचं नव्हतं. कारण विचारलं असतं तर त्यांना नीट सांगता आलं नसतं. या दोन खोल्यांत हाताला सगळं माहीत होतं. दारापासून मशीन चार पावलं, मशीनपासून गॅस तीन, खिडकीची कडी थोडी वाकडी, नळ उलटा फिरतो. लेकीच्या घरी गेलं की कोणीतरी हाताला धरून खुर्चीत बसवणार आणि म्हणणार, बाबा, काही लागलं तर सांगा. मग हातांना कामच नाही. काही वाटत नसलेल्या माणसाचे हातही बसून राहिले तर उरलं काय?

तेव्हा रविवारच्या आत सुटे तपासायला शिकायचं, असं त्यांनी ठरवलं. आणि शिकायचं तरी काय, येत होतंच की. मास्तर जातीचे कटर. टेप हरवली तरी गिऱ्हाईक खोळंबायचं नाही, सगळी मापं बोटांवर. दुकान बंद करायच्या आधीच्या वर्षी, नजर पार अधू झाली होती तेव्हा, ते नोटाही तशाच मापायचे. नोटेची लांब कड मधल्या बोटाच्या मुळाशी लावायची आणि समोरची कड बोटावर कुठे येते ते अंगठ्याने चाचपायचं. वीसची शेवटच्या पेराच्या रेघेपर्यंत. पन्नासची नखाच्या मुळाशी. शंभरची रुंदीला पन्नासएवढीच, पण लांबीला बोटभर जास्त. एकदा एका गिऱ्हाइकाने पन्नास म्हणून वीस सरकवली होती, ती त्यांनी अशीच पकडली होती. पुढे बायको घड्या घालायला लागली आणि बोटाला ते काम उरलं नाही.

गुरुवारी ते काठी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानदाराला सगळे शेठ म्हणत. दुकान बोळकांडीएवढं होतं, पण म्हणायला कोणाचं काय जातं? रांगेत पुढे वरच्या मजल्यावरचा ड्रायव्हर होता. त्याने तीस वर्षं बस चालवली होती आणि निवृत्त होऊनही तो बसमध्ये असल्यासारखाच बोलायचा.

"मास्तर, पुढे सरका, पुढे रिकामं आहे!"

"तू उतर आधी, मग सरकतो."

"माझा स्टॉप आला की उतरणारच. शेठ, यांना द्या आधी. मला कुठे ड्यूटीवर जायचंय."

मास्तरांनी चहापत्ती, साबण आणि काड्यापेटी घेतली.

"चौतीस," शेठ म्हणाला.

मास्तरांनी उजव्या खिशातून एक पट्टी काढून दिली. शंभर. शेठने ती उलगडली, गल्ला उघडला आणि सुटे त्यांच्या हातावर ठेवले. "ही पन्नास. हे दहा, हे पाच, हा एक. झाले सहासष्ट."

नाणी ठीक होती. मास्तरांनी नोट मधल्या बोटाच्या मुळाशी लावली आणि बोटावर पसरली. कड शेवटच्या पेराच्या रेघेवर आली. त्यांनी पुन्हा लावली. पुन्हा तिथेच.

"शेठ, ही वीसची आहे."

"नाही हो मास्तर, पन्नासची आहे."

"वीसची आहे. चाळीस वर्षं मापं घेतलीत मी. बोटाला समजतं."

"अहो, पन्नास लिहिलंय तिच्यावर!"

"लिहिलेलं मला दिसत नाही, म्हणून तर बोलताय."

ड्रायव्हर पुढे झाला. "मास्तर, मी बघतोय ना. पन्नासच आहे."

"तू गप्प बस. तुम्ही दोघं रोज संध्याकाळी एका बाकावर बसता, मला माहीत नाही का? इतकी वर्षं ती सोबत होती तेव्हा बरं नाही कोणी वीसची पन्नास केली. आता आंधळ्याला खुशाल टोपी घाला."

हे बोलताना मास्तरांचा आवाज चढला नव्हता. ते इतकं थंडपणे बोलले की त्यांनाच ते दुसऱ्या कोणाचं वाटलं.

शेठने मास्तरांच्या हातातली नोट काढून घेतली. गल्ल्यात नाण्यांचा खळखळाट झाला. मग एकेक करून पाच जाड नाणी तळहातावर पडली.

"दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास. नाणं तर ओळखता ना? आता झालं?"

"झालं."

"पुढचं गिऱ्हाईक," शेठ म्हणाला.

मास्तर घरी आले. डावा खिसा नाण्यांनी खाली ओढला जात होता. आपण जिंकलो, असं त्यांनी मनात म्हणून पाहिलं. तेही दुपारच्या रडण्यासारखंच झालं, नुसतं म्हणून झालं.

संध्याकाळी ते मशीनपाशी बसले. ड्रॉवरमध्ये तिच्या घड्या किती उरल्यात हे बघावं म्हणून त्यांनी हात घातला. तीन पट्ट्या, चार दुमडलेल्या वीसच्या, कॉलरवाल्या तीन. शेठची नोट वीसचीच होती हे स्वतःला एकदा नीट दाखवावं, म्हणजे विषय संपेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी एक कॉलरवाली घेतली. चार वर्षांत त्यांनी तिची एकही घडी उलगडली नव्हती. देताना घडीसकट द्यायची, उलगडायचं काम दुकानदाराचं.

त्यांनी कोपरा सरळ केला, नोट पसरली, बोटावर लावली. नखाच्या मुळाशी आली. बरोबर. पन्नास.

मग दुसरी उलगडली. ती शेवटच्या पेराच्या रेघेवर आली.

मास्तरांनी ती खाली ठेवली. पुन्हा उचलली. घडी तीच, कोपरा तोच, हात तिचाच. चुकून वीसला कॉलर केली असेल? तिने? तिने कधी काज एक धागा इकडचं तिकडे केलं नव्हतं.

आणि मग त्यांना आठवलं. दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. ते रेडिओवर बातम्या ऐकत होते आणि ती टेबलाशी घड्या घालत होती. ती म्हणाली होती, "अहो, पन्नासच्या नव्या नोटा आल्यात. आखूड केल्यात मेल्यांनी." आणि मास्तर म्हणाले होते, "कापड वाचवलं असेल." ती हसली होती. तिला हसताना मधेच खोकला यायचा, तसा आला होता. "तुम्हाला काय करायचंय म्हणा, मी आहे की," म्हणाली, आणि पुन्हा घड्या घालायला लागली. मास्तरांनी रेडिओचा आवाज वाढवला होता.

तिने सांगितलं होतं. ते विसरून गेले होते.

मास्तरांनी दोन्ही नोटा एकमेकींवर ठेवून कडा चाचपल्या. पन्नासची नवी नोट रुंदीला जुन्या वीसएवढी. जुन्याही अजून चालताहेत. म्हणजे बोट कामाचं नाही, आणि चूक शेठची नव्हती. नोटा पुन्हा दुमडाव्या म्हणून त्यांनी मधली घडी घातली, कोपरा मुडपला. हाताला वेगळंच लागलं. त्यांचा कोपरा उजवीकडे आला होता. ड्रॉवरमधल्या तिसऱ्या नोटेचा, तिच्या हातच्या, कोपरा डावीकडे होता. ती डावखुरी होती. कात्रीसुद्धा तिची वेगळी असायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते डबा काखेत मारून दुकानात गेले. ड्रायव्हर होताच. तो काही बोलला नाही, म्हणजे तो रागावला होता. एरवी त्याचं तोंड बंद राहत नसे.

"शेठ," मास्तर म्हणाले, "काल माझं माप चुकलं. नोट पन्नासचीच होती. मी नको ते बोललो. तुलाही बोललो रे, ड्रायव्हर."

रांगेतल्या कोणीतरी घसा खाकरला.

"असू द्या," शेठ म्हणाला. त्याचं 'असू द्या' कोरडं होतं.

"असू कसं देऊ? तुमच्या गिऱ्हाइकांसमोर बोललो, म्हणून त्यांच्यासमोरच सांगतोय. आता एक काम आहे. या डब्यात पाच आठवड्यांच्या नोटा आहेत. तुम्ही एकेक नोट माझ्या हातात द्यायची आणि किती ती सांगायची. मी घडी घालीन, मगच पुढची."

"अहो मास्तर, गर्दीची वेळ आहे ही!"

"थांबतो मी. गर्दी सरू द्या."

"थांबता कुठे, अडवून उभे राहाल," ड्रायव्हर मागून म्हणाला. "आणा तो डबा इकडे. शेठ, तुम्ही गल्ला सांभाळा. पण मास्तर, मी सांगितलेलं चालेल का? मी तर बाकावरचा माणूस."

"चालवून घेतो," मास्तर म्हणाले.

दोघं दुकानाच्या पायरीवर बसले. "वीस," ड्रायव्हर म्हणायचा, आणि मास्तर दुमडायचे. "शंभर." पट्टी. "दहा." सपाट. "ही पन्नास, नवी. ही पण पन्नास, म्हातारी." दोन कॉलरी. दहाबारा नोटांनंतर मास्तरांचा हात चालायला लागला, शर्टाच्या कॉलरचं टोक काढताना चालायचा तसा. मधेच गिऱ्हाइकाची उसंत मिळाली तेव्हा शेठ बाहेर डोकावला.

"हां, म्हणजे आता पुन्हा सुरू झाल्या का त्या कॉलरवाल्या! मास्तर, तुम्हाला माहीत नाही, वहिनींच्या त्या नोटांनी जीव खाल्ला माझा. बँकेतलं मोजायचं मशीन त्या घेतच नाही. कोपरा सरळ करून करून अंगठा दुखायचा रोज. मी एकदा म्हटलं त्यांना, वहिनी, निदान पन्नासला तरी इस्त्री करून पाठवा."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाल्या, इस्त्रीचे वेगळे पडतील."

ड्रायव्हर खो खो हसला. मास्तरांच्याही तोंडातून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की कसला, ते त्यांना समजलं नाही. त्यांनी पुढची नोट मागितली.

रविवारी लेक आली. तिने आधी स्वयंपाकघर पाहिलं, मग ड्रॉवर. ड्रॉवरमधल्या नोटा तिने एकेक करून उचलून पाहिल्या.

"या घड्या कोणी घातल्या?"

"मी."

"आणि नोटा ओळखल्या कोणी?"

"ड्रायव्हरने सांगितल्या."

"आणि त्याने खोटं सांगितलं असेल तर?"

"तुझी आई खरं सांगत होती याला तरी काय पुरावा होता?" मास्तर म्हणाले. "चार वर्षं ती म्हणेल ती पन्नास. ऐकतच होतो की."

लेकीने ड्रॉवर बंद केला. "चला," ती म्हणाली.

दुकानात ती ठरल्याप्रमाणे मागे उभी राहिली. मास्तरांनी पाव, अंडी आणि साखर मागितली. शेठने पिशवी पुढे सरकवली. "सत्तेचाळीस, मास्तर."

मास्तरांनी उजव्या खिशात हात घातला. दोन पट्ट्या, काही सपाट, आणि कॉलरवाल्या दोन. सकाळी त्यांनी मुद्दाम निवडून काही भरलं नव्हतं, मूठभर घेऊन खिशात टाकल्या होत्या. बोटांनी एक कॉलर पकडली. कोपरा डावीकडे होता.

तिच्या हातची ही शेवटची पन्नास होती. दुसरी शेजारीच होती, उजव्या कोपऱ्याची, त्यांनी स्वतः दुमडलेली. बोटं क्षणभर दोघींच्या मधे थांबली. मागे लेक उभी होती. तिला वाटलं असणार, बाबांना आठवत नाहीये.

तिला तसं वाटून चालणार नव्हतं. मास्तरांनी हातात आली होती ती नोट काढली आणि पुढे केली.

"पन्नास."

"पन्नास," शेठ म्हणाला. त्याने नोट घेतली. अंगठ्याने कोपरा सरळ केला, मग गल्ल्याच्या लाकडावर ठेवून दोनदा तळहात फिरवला. करकरीत कागदाचा तो आवाज मास्तरांना स्पष्ट ऐकू आला. मग गल्ल्याचा खण बंद झाला.

"हे घ्या तीन. एक, दोन, तीन."

मास्तरांनी तीन नाणी अंगठ्याने मोजली. तिन्ही एकची होती.

"बरोबर," ते म्हणाले.

परत येताना लेकीने त्यांचा हात धरला नाही. पिशवीही त्यांच्याच हातात राहू दिली. घराच्या पायऱ्यांशी आल्यावर ती म्हणाली, "मी पुढच्या रविवारी येते."

"बॅग?"

"कसली बॅग? मी जेवायला येते म्हटलं."

मास्तरांनी दार उघडलं. चार पावलं चालून ते मशीनपाशी गेले, उजवा खिसा रिकामा केला आणि उरलेल्या नोटा ड्रॉवरमध्ये ठेवल्या. कॉलरवाल्या नोटा त्यांनी एकेक करून चाचपल्या. सगळे कोपरे उजवीकडे होते. मग त्यांनी ड्रॉवर लावला आणि लेकीला विचारलं, अंडी उकडायची की फोडायची?